ग्रंथपालाने मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदेला जावे का?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे सुमारे चाळीस हजार ग्रंथ आहेत. बरीच वर्षे आम्ही एका खासगी कंपनीचे ग्रंथालय सॉफ्टवेअर वापरतो. दरवर्षी देखभालीचा करार नव्याने करावा लागतो आणि त्याची रक्कम वाढतच जाते. गेल्या वर्षी आम्ही आमच्या सर्व नोंदी बाहेर काढून मागितल्या, तेव्हा ‘त्याचे वेगळे शुल्क पडेल आणि ती फाइल फक्त आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडेल’ असे उत्तर मिळाले. कोहा या ग्रंथालयांसाठीच्या मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता-बदलता येणाऱ्या, सॉफ्टवेअरविषयी मी वाचले आहे, आणि बेंगळुरूला भरणाऱ्या इंडियाफॉस या परिषदेला जावे असे फार मनात आहे. आमचे प्राचार्य म्हणतात की ती इंजिनिअर लोकांची परिषद आहे, ग्रंथपालाचे तिथे काय काम? मला प्रोग्रामिंग येत नाही. इंग्रजी वाचता येते, बोलताना अडखळते. जावे का? आणि गेले तर तिथे नेमके काय करावे?
– एक ग्रंथपाल

उत्तर : सप्रेम नमस्कार.

अवश्य जा. मात्र का जावे, हे तुमच्याच पत्रात लिहिलेले असूनही तुम्ही त्याच्यावरून घाईने पुढे गेला आहात, म्हणून आधी तिथेच थांबू. तुम्ही आणि तुमच्या आधीच्या ग्रंथपालांनी एकेक पुस्तक हातात घेऊन त्याचा दाखल क्रमांक, वर्गांक आणि विषयशीर्षक ठरवले, सहायकांनी ते संगणकात भरले, आणि आज ते सारे काम परत मागितल्यावर शुल्काचा आकडा सांगितला जातो. देखभालीची रक्कम वाढते हा त्रास आहेच, पण त्यावर घासाघीस करता येते. नोंदी बाहेर काढता येत नाहीत ही त्याहून फार गंभीर गोष्ट आहे, कारण त्यामुळे घासाघीस करण्याची ताकदच तुमच्याकडे उरत नाही. ज्याला सोडून जाता येत नाही त्याच्याशी बोलताना समोरच्याला दर कमी करण्याचे कारण नसते. डिजिटल स्वायत्तता हा शब्द परिषदेत तुम्हाला अनेकदा ऐकू येईल. त्याचा तुमच्यापुरता अर्थ मी असा लावतो की संस्थेला आपल्या नोंदी घेऊन, कोणाचीही परवानगी न मागता, दुसरीकडे जाता आले पाहिजे. तिथे जे काही पाहाल, ऐकाल, त्याला हीच कसोटी लावा.

हा विषय एकाएकी सर्वांच्या तोंडी का आला, हेही समजून घेतले पाहिजे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने गुजरातमधील वाडीनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीवर निर्बंध घातले आणि त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने त्या कंपनीच्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले, परवाने घेतलेले, आणि तरीही भारतातल्या कर्मचाऱ्यांना आपले ईमेल उघडता येईना. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सेवा पूर्ववत झाल्या. एवढ्या मोठ्या उद्योगाला निष्णात वकील करून न्यायालयात उभे राहता आले. तालुक्याच्या महाविद्यालयाला ते परवडणारे नाही, म्हणून त्याने आधीच सावध असायला हवे. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये चाळीस हजारांहून अधिक शासकीय ईमेल खाती मुक्त सॉफ्टवेअरवर नेण्याचे काम पूर्ण केले, ते अशाच सावधगिरीतून.

परिषदेच्या गर्दीत तीन गोष्टींची सरमिसळ होईल, ती तुम्ही होऊ देऊ नका. फुकट, स्वदेशी आणि मुक्त या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची ईमेल खाती अलीकडे झोहो या तमिळनाडूतील कंपनीच्या यंत्रणेवर गेली. ती यंत्रणा भारतीय आहे हे चांगलेच आहे, पण तिचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामची मूळ आज्ञावली, कंपनीच्याच ताब्यात आहे. तुमच्या क्षेत्रात एनआयसीचे ई-ग्रंथालय आणि इन्फ्लिबनेटचे सोल ही सॉफ्टवेअर सरकारी संस्थांनी केलेली आहेत, अनेक ग्रंथालयांचा कारभार त्यांवर व्यवस्थित चालतो आणि मी त्यांना कमी लेखत नाही. तरीही त्यांचा सोर्स कोड कोहासारखा कोणालाही घेऊन, वाचून, बदलून पुढे देता येईल असा खुला नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य परवान्यानेच मिळते, आणि त्याचा व्यवहारातला मोठा लाभ असा की उद्या सेवा देणारी एक संस्था नीट वागली नाही तर तेच सॉफ्टवेअर चालू ठेवून दुसरी संस्था नेमता येते. तुमच्या सध्याच्या कंपनीला असा पर्यायी सेवादार अस्तित्वातच असू शकत नाही.

आता प्राचार्यांच्या शंकेकडे वळतो. ग्रंथपालाचे तिथे काय काम, या प्रश्नाचे उत्तर कोहाच्या जन्मकथेतच आहे आणि ती तुम्ही त्यांना जरूर सांगा. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या छोट्या जिल्ह्याच्या ग्रंथालय न्यासाला १९९९ मध्ये लक्षात आले की आपली जुनी संगणकप्रणाली २००० सालच्या तारखा हाताळू शकणार नाही. नवी प्रणाली विकत घ्यायची तर किंमत आवाक्याबाहेरची, आणि ग्रंथालये पसरलेली ग्रामीण भागात. रोझली ब्लेक आणि जोआन रॅन्सम या तिथल्या ग्रंथपालांनी वेलिंग्टनमधील एका लहान कंपनीकडून नवी प्रणाली करून घेण्याचे ठरवले आणि ती सर्वांना मुक्तपणे वापरता यावी म्हणून जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुली करण्यास मान्यता दिली. जानेवारी २००० मध्ये तिच्यावर देवघेव सुरू झाली. पुढे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील नेल्सनव्हिलच्या सार्वजनिक ग्रंथालयाला कोहा हवे होते, पण त्यात मार्क या ग्रंथनोंदी करण्याच्या प्रमाणित आराखड्याची सोय नव्हती. त्या ग्रंथालयाने पैसे खर्च करून ती सोय करून घेतली आणि ती जगातल्या सर्व कोहा वापरणाऱ्यांना मिळाली. कोड लिहिणारे प्रोग्रामर होते हे खरे. परंतु काय हवे, का हवे आणि ते कोणाच्या मालकीचे राहील, हे ठरवणाऱ्या ग्रंथपाल होत्या. २०११ मध्ये कोहाची आंतरराष्ट्रीय परिषद आपल्या ठाण्यात भरली होती, हेही प्राचार्यांच्या कानावर घालायला हरकत नाही.

या कथेचा पुढचा भाग मात्र तुमच्यासाठी आहे. कोहाचे संकेतस्थळ आणि नाव पुढे एका अमेरिकी कंपनीच्या हाती गेले. कोड सर्वांचा असूनही समुदायाला २०१० मध्ये नव्या नावाचे संकेतस्थळ उभारावे लागले, आणि ‘कोहा’ या नावाचा न्यूझीलंडमधील व्यापारचिन्हाचा वाद तर २०१३ च्या अखेरीस होरोव्हेनुआच्या न्यासाच्या बाजूने सुटला. कोड मुक्त होता म्हणून त्या काळातही जगभरातली ग्रंथालये चालू राहिली. पण नाव, संकेतस्थळ आणि सर्व्हर कोणाच्या नावावर आहेत याकडे दुर्लक्ष झाले की काय होते, हेही त्यातून दिसले. हाच धोका आपल्याकडे अगदी लहान प्रमाणात रोज घडतो. एखादा सेवादार महाविद्यालयाला कोहा बसवून देतो, ते स्वतःच्या क्लाउडवर ठेवतो, प्रशासकाचा पासवर्ड स्वतःकडे ठेवतो, बॅकअप कुठे जातो ते सांगत नाही, आणि वर्षभराने त्या ग्रंथपालाची अवस्था तुमच्या आजच्या अवस्थेहून निराळी नसते. मुक्त सॉफ्टवेअर घेतले म्हणजे आपण मोकळे झालो, ही समजूत अशा परिषदांच्या उत्साहात फार लवकर पक्की होते. म्हणून तिथे कोहाची सेवा देणारे कोणी भेटले तर प्रशासकाचा पासवर्ड महाविद्यालयाकडे राहील का, पूर्ण बॅकअप दरमहा आमच्या संगणकावर उतरवून मिळेल का, संकेतस्थळाचे नाव महाविद्यालयाच्या नावे नोंदवाल का, आणि आम्ही उद्या दुसऱ्याकडे गेलो तर हस्तांतरास किती दिवस लागतील, हे थेट विचारा. जो या प्रश्नांना आनंदाने उत्तर देतो त्याचा दूरध्वनी क्रमांक लिहून घ्या. जो विषय बदलतो त्याच्याकडून माहितीपत्रक घेऊन पुढे चला.

इंडियाफॉस ही परिषद फॉस युनायटेड ही ना-नफा संस्था भरवते. २०२४ आणि २०२५ मध्ये ती बेंगळुरूच्या होसूर रस्त्यावरील निमहान्सच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये, सप्टेंबरमधल्या एका शनिवारी-रविवारी झाली. मोठ्या सभागृहात व्याख्याने होतात, प्रकल्पांची दालने असतात, आणि एका विषयात रस असलेले लोक एकत्र बसून मोकळी चर्चा करतात अशा बैठकाही ठरतात. व्याख्यानांचे बहुतेक चित्रीकरण नंतर पाहायला मिळते, म्हणून दोन दिवस खुर्चीत बसून एकामागून एक व्याख्याने ऐकू नका. ती सांगलीत बसूनही ऐकता येतील. तुमचा वेळ दालनांवर, चर्चेच्या बैठकांत आणि चहाच्या रांगेत जाऊ द्या. हे मी मनापासून सांगतो, कारण संस्थेतून पहिल्यांदा आलेली माणसे, विशेषतः शिक्षक आणि कार्यालयीन कर्मचारी, संकोचाने मागच्या रांगेत बसून राहतात आणि वहीभर टिपणे घेऊन परत जातात. टिपणांनी तुमच्या नोंदी कंपनीच्या फाइलमधून बाहेर निघणार नाहीत. एखादा माणूस भेटला, त्याने तुमची अडचण पाहिली आणि परतल्यानंतरही तुमचा फोन उचलला, तर त्या निघण्याची शक्यता आहे.

म्हणूनच जाण्यापूर्वीची तयारी जास्त महत्त्वाची आहे, आणि त्यात मराठी नोंदींचा प्रश्न सर्वांत वर ठेवा. सॉफ्टवेअर जुने असल्याने तुमच्या मराठी ग्रंथांच्या नोंदी कृतिदेव, श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएममधील एखाद्या जुन्या फॉन्टमध्ये भरलेल्या असण्याची दाट शक्यता आहे. अशा नोंदीत पडद्यावर मराठी अक्षर दिसते, पण संगणकाने आत साठवलेले असते ते भलतेच रोमन अक्षर किंवा चिन्ह. फॉन्ट काढून घेतला की शीर्षकाची अक्षरशः रांगोळी विस्कटते. त्यांचे युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरसंकेतात, रूपांतर करणारी साधने आहेत, तथापि ती प्रत्येक फॉन्टसाठी वेगळी असतात आणि जोडाक्षरांत, रफारात, पहिल्या वेलांटीत चुका राहतात. नोंदी युनिकोडमध्ये आल्यावरही काम संपत नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आले. त्याआधीच्या पद्धतीने कोणी ‘अ’ लिहून त्यावर चंद्र दिला असेल आणि दुसऱ्याने थेट ‘ॲ’ टंकले असेल, तर वाचकाच्या डोळ्याला दोन्ही एकच, पण शोधयंत्रणेला ती दोन वेगळी शीर्षके वाटू शकतात. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा ‘र’ दोन प्रकारे टंकला जातो आणि तिथेही हेच घडते. कोहामध्ये शोधासाठी झेब्रा किंवा इलॅस्टिकसर्च ही शोधयंत्रणा वापरता येते; झेब्रा वापरायचे असेल तर देवनागरीसाठी आयसीयू ही युनिकोड अक्षरे हाताळणारी मांडणी निवडावी लागते, आणि ती न निवडल्यामुळे ‘कोहात मराठी नीट सापडत नाही’ असा ग्रह अनेक ग्रंथालयांत होऊन बसतो. हे सारे तुम्हाला स्वतः दुरुस्त करायचे नाही. पण प्रश्न एवढ्या नेमकेपणाने विचारता आला तर समोरचा प्रोग्रामर तुमच्याकडे वेगळ्या आदराने पाहील, कारण त्याच्याकडे साधन असते आणि अशी खरी, अवघड, प्रत्यक्षातली माहिती फारशी नसते.

त्यासाठी तुमच्या तालिकेतील वीस-पंचवीस नोंदी निवडा. त्यांत मराठी, हिंदी, इंग्रजी ग्रंथ असावेत, एखादे नियतकालिक असावे, एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती असाव्यात, अनेक खंडांचा कोश असावा, आणि एखादे हाताने दुरुस्त केलेले, दोनदा दाखल झालेले नाठाळ पुस्तकही असावे. सध्याच्या सॉफ्टवेअरमधून जे काही अहवाल काढता येतात, मग ते छापील दाखल नोंदवहीचे असोत वा एक्सेलमधले, ते काढून त्यांचा नमुना सोबत घ्या. अनेकदा कंपनी ‘नोंदी देता येत नाहीत’ म्हणते, पण अहवालांच्या वाटेने निम्मे तरी बाहेर काढता येते, आणि ते तुम्हाला जाणकाराने पडद्यावर पाहिल्याशिवाय समजणार नाही. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा. विद्यार्थ्यांची नावे, छायाचित्रे, दूरध्वनी आणि कोणी कोणते पुस्तक नेले याचा इतिहास यातले काहीही पेनड्राइव्हवर घेऊन जाऊ नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा झालेला आहेच. पण कायदा नसता तरी वाचक काय वाचतो हे बाहेर न सांगणे ही ग्रंथपालाची जबाबदारी आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. स्वायत्तता संस्थेची असते तशी वाचकाचीही असते.

घरी किंवा ग्रंथालयातल्या एखाद्या जुन्या संगणकावर कोहा एकदा स्वतः चालवून पाहता आले तर उत्तम. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात कोहावरची पाठमाला आहे. ती पाहत पाहत एका पुस्तकाची नोंद करणे, ते एका काल्पनिक वाचकाला देणे आणि परत घेणे एवढे जमले तरी परिषदेत ऐकलेले निम्मे बोलणे ओळखीचे वाटेल. महाविद्यालयात संगणकशास्त्राचा विभाग असेल तर तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याला सोबतीला घ्या. फॉस युनायटेडच्या शहर-शाखा पुण्यात आणि मुंबईत आहेत आणि त्यांचे मेळावे होत असतात. शक्य असेल तर बेंगळुरूच्या आधी पुण्याच्या एखाद्या मेळाव्याला जाऊन या. तिथे बोलणे बरेचसे मराठीतच होईल, चार ओळखी होतील, आणि त्यांतले कोणी बेंगळुरूलाही येणार असतील तर सभागृहात शिरताना परकेपणा वाटणार नाही.

भाषेची चिंता तुम्ही लिहिली आहे. व्यासपीठावरचे बोलणे इंग्रजीत असते, पण दालनांवर आणि जेवणाच्या रांगेत हिंदी, कन्नड, तमिळ, मल्याळम सगळे चालते, आणि पुण्या-मुंबईची माणसेही भेटतात. तुमची अडचण इंग्रजीत एका पानावर आधी लिहून घ्या, सोबत त्या नमुना नोंदी ठेवा, आणि बोलताना अडखळलात तर पान पुढे करा. तांत्रिक माणसांना अस्खलित भाषणापेक्षा असे पान अधिक आवडते. शक्य झाले तर आयोजकांना आधीच विचारा की ग्रंथालये आणि भारतीय भाषांतील नोंदी या विषयावर अर्ध्या तासाची चर्चेची बैठक ठरवता येईल का. पाच माणसे आली तरी ती तुमच्या कामाची पाच माणसे असतील.

प्राचार्यांशी बोलताना स्वातंत्र्य, चळवळ, समुदाय हे शब्द प्रारंभी बाजूला ठेवा. त्यांच्यापुढे नॅकचे मूल्यांकन आहे, लेखापरीक्षण आहे, संस्थाचालकांची सभा आहे. गेल्या पाच वर्षांत देखभालीपोटी किती रक्कम गेली याचा तक्ता द्या. कंपनीने नोंदींसाठी शुल्क मागितल्याचे पत्र त्यासोबत जोडा; ते तोंडी झाले असेल तर लेखी मागून घ्या. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी कामकाजात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे, याचा उल्लेख करा. ते धोरण तुमच्या महाविद्यालयावर बंधनकारक आहे असे लिहू नका, कारण तसे ते नाही, पण हा मार्ग सरकारमान्य आहे एवढा दिलासा त्यातून मिळतो. कोहा घेतल्यास खर्च शून्य होईल असेही कदापि म्हणू नका. सर्व्हर किंवा क्लाउड, नोंदींचे स्थलांतर, बारकोडची जुळणी आणि प्रशिक्षण यांना पैसे लागतात. जो खर्च होईल त्यातून कोणाची तरी कौशल्ये वाढतील आणि नोंदी हातात राहतील, एवढेच प्रामाणिकपणे सांगता येते. आणि परत आल्यावर शिक्षक व कर्मचाऱ्यांसमोर तासभराचे सादरीकरण करण्याची तयारी त्याच अर्जात लिहून द्या.

परिषद शनिवार-रविवारी असल्याने कर्तव्य रजा एक-दोन दिवसांचीच लागेल. उपस्थितीचे प्रमाणपत्र हवे असेल तर आयोजकांना आधी विचारून ठेवा. अशा समुदायांच्या परिषदांत प्रमाणपत्राला आपल्या चर्चासत्रांइतके महत्त्व नसते, म्हणून प्रवेशिकेची पावती जपून ठेवा. तारीख जाहीर झाल्याबरोबर पंचांगही पाहा, कारण २०२४ ची परिषद ७ आणि ८ सप्टेंबरला, म्हणजे ऐन गणेश चतुर्थीला आली होती, आणि त्या दिवसांत घर सोडणे व गाडीचे आरक्षण मिळणे ही दोन्ही कामे तुमच्या भागात किती अवघड असतात हे तुम्ही जाणता. सांगली-मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसचा रात्रीचा प्रवास सोयीचा पडेल. सोमवारचा दिवस हाती असेल तर, आधी पत्र पाठवून, बेंगळुरूच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आवारातील डीआरटीसीला भेट देता येते का ते पाहा. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेल्या या संशोधन व प्रशिक्षण केंद्रात ग्रंथालयशास्त्र आणि संगणक यांचा मेळ घालण्याचे काम दीर्घकाळ चालू आहे, आणि तुमचा प्रश्न तिथे समजावून सांगावा लागणार नाही.

परतल्यावर लगेच सगळे बदलण्याचा मोह होईल. तो आवरा. म्युनिक शहराच्या प्रशासनाने २००३ मध्ये विंडोज सोडून लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली घेण्याचा निर्णय घेतला, दहा वर्षे खपून सुमारे पंधरा हजार संगणक त्यावर नेले, आणि २०१७ मध्ये नगर परिषदेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचे ठरवले. त्यामागे राजकारण होते, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्या, कारणांविषयी आजही मतभेद आहेत. मला त्यातून एवढेच घ्यावेसे वाटते की रोज ते सॉफ्टवेअर हाताळणारी माणसे सोबत नसतील तर निर्णय उलटायला वेळ लागत नाही. तुमच्याकडे ती माणसे म्हणजे देवघेवीच्या टेबलावर बसणारे सहायक आणि परिचर. उन्हाळी सुट्टीत एका विषयाच्या कपाटापासून प्रारंभ करा, त्याच्या नोंदी कोहात आणा, शोध नीट लागतो का हे सहायकांकडून तपासून घ्या, आणि निदान एक सत्र जुने व नवे सॉफ्टवेअर शेजारी शेजारी चालू द्या. कोहाच्या मोठ्या आवृत्त्या दरवर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये निघतात. ऐन परीक्षेच्या दिवसांत नवी आवृत्ती घेऊ नका.

एक काम मात्र परिषदेपर्यंत थांबवू नका. कंपनीला या आठवड्यातच महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीने पत्र जाऊ द्या. आमच्या सर्व ग्रंथनोंदी मार्क २१ या आराखड्यात, आयएसओ २७०९ प्रकारच्या फाइलमध्ये, आणि ते शक्य नसल्यास प्रत्येक रकान्याच्या नावासह सीएसव्ही फाइलमध्ये, युनिकोडमध्ये द्याव्यात, असे त्यात स्पष्ट लिहा. शुल्क आकारणार असाल तर करारातील कोणत्या कलमान्वये, हेही विचारा. मूळ करार कपाटातून काढून वाचा. त्यात नोंदींच्या मालकीविषयी काहीच लिहिलेले नसेल तर ते तुमच्या बाजूचे आहे, कारण त्या नोंदी तुमच्याच पगारी माणसांनी तयार केल्या आहेत. देखभाल कराराच्या नूतनीकरणाची तारीख पाहा आणि तिच्या किमान दोन महिने आधी उत्तर मागा, कारण सही होण्यापूर्वीच कंपनी तुमचे पत्र लक्षपूर्वक वाचेल. उत्तर आले, वा आले नाही, तरी त्या पत्राची पोच बेंगळुरूला सोबत न्या.